पाय नुसते टेकवायचे

काका आमच्या आवारात राहायचे, असं मी कुणाला म्हटलेलं त्यांना आवडलं नसतं. ते राहत नव्हते. त्यांची गाडी उभी होती आणि गाडीत ते होते, एवढंच. हा फरक त्यांनी मला पाच-सहा वर्षं समजावून सांगितला, आणि तेव्हा मी काही लहान नव्हते, चांगली पंचविशी ओलांडलेली, भांडुपच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होते. तरी मला तो समजला नाही. समजला तेव्हा उपयोग नव्हता. काकांबद्दल गोड बोलणारे पुष्कळ आहेत, ते गेल्यावर तर फारच निघाले. मी हे लिहितेय ते त्यासाठी नाही.

गाडी म्हणजे मोटार नव्हे. दोन चाकांवरची, बारा-तेरा फूट लांबीची, बाहेरून पत्र्याची आणि आतून लाकडी फळ्यांची एक खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं. पुढे लोखंडी दांडा असतो, तो जीपला अडकवायचा आणि ओढत न्यायची. धरणांच्या पाहणीला जाणाऱ्या माणसांना रानात राहायला सरकार अशा गाड्या देत असे. काका त्या खात्यात ओव्हरसियर होते आणि माझे वडील तिथेच कारकून. काका निवृत्त झाले त्या वर्षी खात्याने ही गाडी लिलावात काढली, आणि जिच्यात अर्धी नोकरी काढली ती गाडी काकांनी विकत घेतली. बायको नव्हती, मुलंबाळं नव्हती. वडील म्हणाले, आमच्याकडे जागा पडून आहे, आणून लावा. मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या बाजूला आमचं बैठं घर आणि मागे मोकळं आवार. एका जीपने गाडी आणून सोडली आणि जीप निघून गेली. दोन वर्षांनी वडील गेले. मग आवारात गाडी, गाडीत काका, आणि घरात आई आणि मी.

आमची जमीन वाईट. वर हातभर मुरूम आणि खाली मिठागराचा काळा चिखल. पावसात ती फुगते, उन्हात बसते, आणि दोन्ही वेळा एकसारखी नाही. त्यामुळे काकांचं काम कधीच संपलं नाही. दर रविवारी सकाळी ते खाकी अर्धी चड्डी घालून गाडीभोवती उकिडवे बसलेले असायचे आणि मी पाणसळ धरून गाडीत. पाणसळ म्हणजे गवंडी वापरतात ती लाकडी पट्टी, मधे काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधे आला की सपाट.

"काय दिसतंय?" काका खालून विचारायचे.

"मधे आहे."

"मधे म्हणजे किती मधे?"

"काका, मधे म्हणजे मधे."

"डावीकडे आहे तो. केसभर. नीट बघ."

खालून, पत्र्याच्या पलीकडून, त्यांना बुडबुडा कसा दिसायचा देव जाणे. मी वाकून बघितलं की तो खरंच केसभर डावीकडे असायचा. याचा मला फार राग यायचा.

क्रम ठरलेला. आधी आडवी पातळी: जे चाक खाली गेलं असेल त्याच्याखाली सागवानी फळी. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी, गाडी घरंगळू नये म्हणून. मग उभी पातळी: पुढच्या दांड्याखाली एक छोटं चाक आणि हँडल असतं, ते फिरवून तोंड वरखाली करायचं. आणि सगळ्यात शेवटी चार कोपऱ्यांचे चार लोखंडी पाय. ते हँडलने खाली सोडायचे, प्रत्येकाखाली एकेक फळी ठेवून. पाय जमिनीला लागला की वर फक्त दोन बोटांचा जोर. तिसरं बोट लावलं की काका ओरडायचे.

"पाय नुसते टेकवायचे. गाडी डुलू नये म्हणून असतात ते. वजन चाकांनी घ्यायचं. वजन पायांवर गेलं की ती गाडी नाही राहिली."

"मग काय राहिली?"

तोवर काका हँडल घेऊन पुढच्या पायाकडे सरकलेले असत.

शेवटची परीक्षा आईची. आई अंगाने चांगली भरलेली. सगळं जमलं की काका स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणायचे, "वहिनी, जरा आत येऊन एक फेरी मारून जा." टेबलावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवलेला असायचा. आई गाडीत चढून मागच्या भिंतीपर्यंत जाऊन यायची आणि काका पेल्याकडे बघत बसायचे. थेंब सांडला तर सगळं पहिल्यापासून. आई मला म्हणायची, "मला काय वाण्याचं माप समजतात भावोजी?" पण जायची. कधी बोलवायला उशीर झाला तर दोनदा दारात येऊन बघायची.

रबर एका जागी दबून बसकं होऊ नये म्हणून दर महिन्याला चाकं पाव फेरा फिरवायची. दर पंधरा दिवसांनी पायपंपाने हवा. कुठेही न जाणाऱ्या गाडीच्या चाकांत एवढी हवा आख्ख्या मुलुंडात कुणी भरली नसेल. मागच्या सोसायटीतले लोक गॅलरीत चहाचे कप घेऊन ही मजा बघत. एकाने एकदा वरून विचारलं, "काय काका, कधी निघायचं?" काकांनी वर न बघता सांगितलं, "तुमच्या आधी."

गाडीत ते चपला काढत नसत. गाडीत कोण चपला काढतं, असं त्यांचं म्हणणं. देव्हारा नाही. दारावर नाव नाही. पत्रं यायची ती आमच्या पत्त्यावर, मार्फत म्हणून. संध्याकाळी आमच्या पायरीवरून उठताना कधी चुकून "घरी जातो" म्हणाले नाहीत. "गाडीत जातो" म्हणायचे. सरकारी नोकरीत फिरून फिरून त्यांची भाषा छापील झाली होती, पण मन हललं की त्यातून मालवणी बाहेर यायची, आणि ती आली की समजायचं, आता गप्प बसावं.

ही मालवणी मी पहिल्यांदा ऐकली ती एका दिवाळीत. आईने आमच्या दारात रांगोळी काढली आणि उरलेल्या रांगोळीतून काकांच्या पायरीशी चार पाकळ्यांचं साधं फूल काढलं. काका बाहेर आले, फूल बघितलं, आणि चपलेने पुसून टाकलं. सणाच्या दिवशी. आई हातात रांगोळीची वाटी घेऊन तिथेच उभी.

"वहिनी, रांगोळी घराच्या दारात काढतात," काका म्हणाले. "ही गाडी आसा. घर नाय."

आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या जेवणाचा डबा माझ्या हातून जायचा. मीही एक दिवस डबा आपटून ठेवला आणि विचारलं, तिने काय वाईट केलं होतं? तेव्हा त्यांनी सांगितलं. एकदाच, आणि माझ्याकडे न बघता.

धरणाच्या कामावर काकांकडे एक वही असायची. पाण्याखाली जाणाऱ्या गावांत दारोदार फिरायचं, घर मोजायचं आणि लिहायचं: कच्चं की पक्कं. लोक त्यांना ताक द्यायचे, बसायला घोंगडी टाकायचे. बायका पुढे होऊन सांगायच्या, साहेब, पक्कं लिहा हो, ह्या भिंती मामंजींनी बांधल्यात. पक्कं लिहिलं की भरपाई जास्त, म्हणून काका जमेल तिथे पक्कं लिहायचे. आणि मग एका वर्षी त्याच वहीवरून घरं पाडत गेले. पक्की आधी, कारण त्यांचं लाकूड चांगलं. एका गावात धनगरांचे तीन वाडगे होते, नुसत्या कुडाचे. त्यांच्याकडे काका पोचले तेव्हा ते बिऱ्हाड घोड्यावर घालून, मेंढरं हाकत निघून गेलेले. त्यांचं पाडायला काही सापडलंच नाही.

"एकदा वहीत घर म्हणून लागलं ना," काका म्हणाले, "की पाडणारा माणूस रस्ता विचारत येतो. मीच यायचो."

मी ते ऐकलं आणि मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, एकटं राहून डोक्यात काहीतरी घेऊन बसलाय. मी आईला तसंच सांगितलं. आईने दुसऱ्या दिवसापासून बोलणं सुरू केलं, दया येऊन.

पाडणारा नव्हे, पण बघणारा माणूस दर वर्षी यायचा. मागच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना आमच्या आवारातली गाडी डोळ्यांत खुपायची. पाऊस संपला की ते महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज टाकायचे: अनधिकृत बांधकाम. मग तिथले साहेब यायचे, हातात वही आणि टेप. आणि मग काकांचा वर्षातला सगळ्यात आनंदाचा दिवस सुरू व्हायचा.

ते साहेबांना खुर्ची देत. मग एकेक करून चारही पाय वर घेत. पाचरी काढत. मला पुढच्या दांड्याला दोर बांधून ओढायला लावत आणि स्वतः मागून चाकाखाली पहार घालत. "हां, बाय, ओढ." मी ओढायची. गाडी करकरायची आणि वीतभर पुढे यायची. गॅलरीतून टाळ्या.

"सरकली?" काका साहेबांना विचारायचे.

"सरकली, काका."

"मग लिहा. वाहन."

साहेब लिहायचे आणि जाताना माझ्याकडे बघून म्हणायचे, "ताई, डोक्याला ताप आहे हा म्हातारा, पण काय करणार, चालते ना गाडी." सलग चार वर्षं हे झालं. काकांनी दोनदा लिलावाचा कागदही दाखवला, प्लास्टिकच्या पिशवीतला, खात्याच्या शिक्क्याचा. साहेबांना तो पाठ झाला होता. गाडी वीतभर मागे नेऊन पुन्हा सगळी पातळी करायला संध्याकाळ व्हायची, आणि माझ्या तळहातांना दोराचे वळ.

मग तो ऑगस्ट. चार दिवस पाऊस थांबला नाही, त्यात समुद्राला उधाण. आवारात पोटरीभर पाणी आलं आणि ओसरलं. सकाळी बघते तो गाडी डाव्या अंगाला कललेली; चाकाखालची फळी कुजून चिखलात गेली होती. काका दार उघडून घाईने खाली उतरायला गेले. पायरीही कललेली होती. खुबा मोडला.

हॉस्पिटलात त्यांच्या पायाला वजन लावून ठेवलं होतं. तीन महिने तरी, डॉक्टर म्हणाले, आणि नंतरही वाकणं, उकिडवं बसणं विसरा. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी माझा हात धरला.

"डाव्या चाकाखाली नवी फळी घाल. सागवानी. बाकी कशाला हात लावू नको. कबूल?"

"कबूल."

"मी तुका काय सांगितलंय, पाय?"

"नुसते टेकवायचे."

मी कबूल म्हटलं तेव्हा मला ते खरंच करायचं होतं, एवढं मात्र खरं.

फळी घालायला माणूस लागणार होता म्हणून मी एका गवंड्याला बोलावलं. तो गाडीखाली डोकावला आणि हसला. "ताई, फळ्या कुजणारच. किती वेळा बदलणार? चार खांब मारू विटांचे, सिमेंटमधे. वर गाडी बसवून टाकू. जिंदगीभर बघायला नको." मी नाही म्हटलं. मग घरी येऊन विचार करत बसले. काका परत येणार ते कुबड्या घेऊन. पातळी कोण करणार? मी. रविवारच नव्हे, रोज. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि घरी येऊन चिखलात हँडल फिरवायचं. मला कंटाळा आला होता. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. सांगताना नेहमी काकांच्या पायाचं कारण सांगितलं.

आणि दुसरंही एक होतं. माझं लग्न जमत नव्हतं, दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं. घर होतं ते आईचं. स्वतःच्या हाताने काही उभं करावं, कुणाचं तरी चांगलं करावं, आणि ते चारचौघांना दिसावं, अशी मला हौस आली होती. म्हाताऱ्याला पक्कं घर बांधून दिलं, असं लोक म्हणतील. मला ते शब्द आधीच ऐकू येत होते.

सप्टेंबरच्या शेवटी खांब झाले. विटांचे चार, वरून सिमेंटचा गिलावा. गाडी जॅकने उचलून त्यांच्यावर बसवली. दाराशी तीन पायऱ्या आणि धरायला लोखंडी कठडा. कोपऱ्यांचे पाय अधांतरी लोंबत होते, ते गवंड्याने कापून टाकले. चाकं जमिनीपासून हातभर वर गेली. "आता ही काय शोभेची?" गवंडी म्हणाला. "काढली तर खाली लाकूडफाटा ठेवता येईल." मी म्हटलं, काढा. चाकं तोच घेऊन गेला, कुठल्याशा हातगाडीला लागतील म्हणून. आईने बघितलं आणि विचारलं, "भावोजींना विचारलंस?" मी म्हटलं, "आल्यावर बघतीलच." आई आत निघून गेली. तीही तिची चूक, पण माझ्यापुढे तिची कसली.

रविवारी हॉस्पिटलात काका विचारायचे.

"फळी घातलीस?"

"हो."

"चाकात हवा?"

"भरली."

"पाव फेरा?"

"दिला, काका."

ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, केवढा धक्का बसेल म्हाताऱ्याला, आनंदाचा.

ऑक्टोबरात साहेब आले, नेहमीसारखे. मी त्या दिवशी घरी होते. त्यांनी आवारात पाऊल टाकलं आणि थबकले. खांब बघितले, पायऱ्या बघितल्या, कठड्यावर हात फिरवला.

"काका कुठायत?"

मी सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "ताई, मग आता हे काय लिहू? गाडी की घर?"

मी चहा घेऊन उभी होते. अंगावर बरी साडी होती. गॅलरीत दोघं-तिघं उभे होते. मी म्हटलं, "घर आहे. पक्कं करून घेतलंय मी."

मी म्हणजे मीच, हे त्यांना कळावं म्हणून तो शब्द शेवटी ठेवला होता.

साहेबांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. आज मला कळतं की ते बघणं म्हणजे एक संधी होती. मग ते लिहायला लागले. लांबी, रुंदी, उंची. टेपचं दुसरं टोक मी धरलं. खाली सही केली, वळणदार. "चांगलं केलंत," ते म्हणाले, आणि चहा पिऊन गेले.

नोटीस पंधरा दिवसांनी आली. गाडीच्या दारावर चिकटवलेली. जिथे कधी नाव नव्हतं तिथे पहिल्यांदा कागद लागला, आणि त्यावर छापलेलं होतं: पक्कं बांधकाम, विनापरवाना. मी लिलावाचा कागद घेऊन वॉर्डात धावले. साहेबांनी तो पुढे-मागे करून बघितला.

"हा कागद गाडीचा आहे, ताई. आवारात गाडी कुठाय?"

"तीच तर आहे ती."

"सरकते?"

त्यांनी फाईल उघडून माझ्यासमोर धरली. "सही तुमचीच ना?"

मी चाकं शोधायला गवंड्याकडे गेले. तो दुसऱ्या कामावर गेला होता, कुणी म्हणालं ठाण्याला, कुणी म्हणालं गावाला. दुसरी चाकं बसतील का, विचारत एका गॅरेजवाल्याला आणलं. त्याने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, पाय कापलेत, चाकांचा आस गवंड्याने खांबात चिणून टाकलाय, आता ही हलवायची तर तोडूनच. मी अर्ज केले. मुदत मागितली. म्हातारा माणूस आहे, हॉस्पिटलात आहे, असं लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, सकाळी दहाच्या सुमारास ट्रक आला. सहा माणसं, पहारी आणि हातोडे. आम्हाला सामान काढायला वेळ दिला; एक ट्रंक, बिछाना, स्टोव्ह, पेला आणि पाणसळ. त्याहून जास्त नव्हतंच. मग पत्रा उचकटला. आतल्या फळ्या एकेक करून ट्रकात गेल्या, चांगलं लाकूड होतं. तासाभरात झालं. खांबांना त्यांनी हात लावला नाही. मी विचारलं तर एकजण म्हणाला, "विटा नेऊन काय करू, ताई?" जे पक्कं म्हणून लिहिलं होतं तेवढंच उभं राहिलं. मागच्या सोसायटीतले ते गृहस्थ गॅलरीत होते. त्या दिवशी टाळी कुणी वाजवली नाही.

यानंतरचे दोन रविवार मी काकांकडे गेले आणि त्यांना काही सांगितलं नाही. हवा भरली का, हो. मी भित्री आहे हे मला तेव्हा कळलं.

डिसेंबरात त्यांना टॅक्सीने आणलं. सायन-घाटकोपर-विक्रोळी, सगळा रस्ता ते बोलत होते. आता हँडल तू फिरव, मी खुर्चीत बसून सांगीन. नव्या फळ्यांना तेल पाजायला हवं. मी खिडकीबाहेर बघत होते. टॅक्सी फाटकाशी थांबली, ते कुबड्यांवर उतरले आणि आवाराकडे वळले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

"चाकां खंय गेली?" त्यांनी विचारलं.

गाडी कुठे गेली असं नाही विचारलं. मी सगळं सांगितलं, त्या "घर आहे" सकट. ते ऐकत होते. मग म्हणाले, "पाणसळ आण." मी आणली. ते एकेक पाऊल टाकत जवळच्या खांबाशी गेले आणि त्याच्या डोक्यावर पाणसळ ठेवली. वाकता येत नव्हतं, म्हणून मलाच म्हणाले, "बघ."

"मधे आहे, काका."

"नीट बघ."

केसभर उजवीकडे होता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पाणसळ तिथेच ठेवली आणि म्हणाले, "रिक्षा बोलाव."

त्यांचा एक भाचा भांडुपला चाळीत राहायचा. गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला होता. एका खोलीत पाच माणसं. सहावे काका, कॉटखाली पाय पसरून. मी ऑफिसातून सुटले की चाळीच्या तोंडापर्यंत जायची आणि परत यायची. एकदाच आत गेले. भाच्याची बायको म्हणाली, "गुणाचा माणूस आहे हो, एक शब्द बोलत नाय." कॉटच्या एका पायाखाली घडी घातलेला कागद होता. त्या घरात दुसरं कोण घालणार तो.

मी म्हटलं, "काका, चुकलं माझं. मला वाटलं, तुम्हाला हक्काचं घर होईल."

त्यांनी कॉटच्या पायाखालचा कागद बोटाने आत सरकवला.

"माका घर नको होता, गो," ते म्हणाले. "घर मी शंभर लोकांका लिवन दिलंय. माका गाडी व्हयी होती."

मग त्यांनी तोंड फिरवलं. क्षमा वगैरे केली नाही, आणि त्यांनी केली असती तर मी ती घेऊन काय केलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कारखान्यातल्या फोनवर कळलं. मीच उचलला होता.

खांब अजून आहेत. पाडायला कुणी आलं नाही आणि मी पाडले नाहीत. दुसऱ्याच पावसात चारही कलले, चार दिशांना. एकावर आईने बरीच वर्षं वाळवणाची परात ठेवली, ती घसरायला लागली तेव्हा ठेवणं सोडलं. पाणसळ मी कपाटात ठेवली आहे.

आई गेल्यानंतर एकदा वॉर्डातून नवा मुलगा आला, वही घेऊन, सगळ्यांचीच मोजणी करत. मागच्या आवारात गेला आणि मला हाक मारली. "मॅडम, हे कसले खांब? काय होतं इथे?"

"गाडी उभी असायची," मी म्हटलं.

"अच्छा," तो म्हणाला आणि त्याने वही मिटली. सहीसुद्धा मागितली नाही.